सायीच्या रंगाची इटालियन मोटार

नवऱ्याला जुन्या गाड्यांचं वेड असलं की बायकोचा भूगोल आपोआप पक्का होतो. एका विलायती मोटारसायकलीपायी मी धुळ्याच्या पलीकडचं खेडं पाहिलं आहे, आणि एका जीपच्या स्प्रिंगच्या पाट्यांसाठी नगरच्या भंगारबाजारात भर उन्हात तिष्ठत उभी राहिले आहे. जालना जिल्हा तेवढा राहिला होता. तो राहिला असता तर बरं झालं असतं, असं परत आल्यापासून अनेकदा वाटतं. पण तिथे जे पाहिलं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

गोष्ट शहाऐंशी सालच्या जानेवारीतली. वर्तमानपत्रात तीन ओळींची जाहिरात आली होती. 'इटालियन स्पोर्ट्स कार, दोन सीटची, उत्कृष्ट स्थितीत, अनेक वर्षं एकाच घरात. विकणे आहे.' खाली औरंगाबादचा पत्ता, आणि गाडी पाहायला जालना जिल्ह्यात यावं लागेल अशी सूचना. मी म्हटलं, छपाईची चूक असेल, इटालियन नसेल, इंजिन असेल, तिकडे विहिरीवर बसवतात तसलं. माझ्या नवऱ्याला, श्रीधरला, विनोद कळला नाही. तो एरवी कारखान्यात शांतपणे नोकरी करणारा गृहस्थ, पण पत्राच्या उत्तरात फोटो आला तेव्हा तो फोटो त्याने देवघरात ठेवायचा काय तो बाकी ठेवला. फोटोत गोठ्यासमोर, बाभळीखाली, एक बुटकी, लांबोडकी मोटार उभी होती. बाजूला म्हशीचं तोंड आलं होतं.

"परत येताना आपण तिच्यातूनच यायचं," श्रीधर म्हणाला. "म्हणून सामान थोडकंच घे. तिला डिकी नावालाच असते."

म्हणून मी दोन साड्या घेतल्या आणि एकच चपलेचा जोड, जो मला पुढे भोवला.

कुंभार पिंपळगावचा बाजार

मनमाडहून छोट्या गाडीने जालन्याला उतरलो. विकणाऱ्याचा मुलगा विलास जीप घेऊन स्टेशनवर आला होता. तिशीच्या आतला, अंगावर कडक इस्त्रीचा सफारी. औरंगाबादेत त्याचा बियाण्यांचा व्यापार. जाहिरात त्यानेच दिलेली. गाडी त्याच्या वडिलांची, आप्पासाहेबांची.

"साहेब, एक सांगून ठेवतो," जीप अंबडच्या रस्त्याला लागल्यावर तो म्हणाला. "बाबांसमोर किमतीचं काही बोलू नका. गाडी बघा, पसंत करा. बाकी मी बघतो."

"त्यांची विकायची इच्छा नाही का?" मी मागून विचारलं.

"इच्छा आहे हो, वहिनी. पण त्याच्यात एक अडचण आहे. ती उद्या सुटून जाईल."

अडचण काय ते त्याने सांगितलं नाही. श्रीधरने विचारलंही नाही. तो गाडीला तारांची चाकं आहेत की पत्र्याची एवढंच विचारत होता.

दोन्ही बाजूंना काळं रान, त्यात शाळू उभा, मधूनच कापसाच्या पऱ्हाट्या. आमच्या नाशिककडे द्राक्षांच्या मांडवांनी नजर अडते. इथे अडवायला काही नव्हतंच. घनसावंगी मागे टाकून कुंभार पिंपळगावात आलो तर आठवड्याचा बाजार भरलेला. बोरांचे ढीग, गाजरं, मडकी, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा. मी बोरं घ्यायला उतरले आणि चिखलात माझ्या चपलेचा अंगठा तुटला.

झाडाखाली चप्पल शिवणारा म्हातारा बसला होता. टाका घालता घालता त्याने विचारलं, "कोन्या गावाला निघाले पाव्हणे?"

मी गावाचं नाव सांगितलं. इथे ते लिहीत नाही. तिथल्या माणसांनी माझं काही वाईट केलेलं नाही.

"मोटारवाल्या आप्पासायबाकडं?"

"हो. ती मोटारच बघायला आलोय."

त्याचा हात थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग जीपमध्ये बसलेल्या विलासकडे. घाईने टाका तोडला. चप्पल माझ्यापुढे ठेवली आणि दुसरा जोड हातात घेतला. मला त्याचा राग आला. शहरातली माणसं पाहून तोंड वाकडं करतात म्हणून मी कुरकुरतच जीपमध्ये बसले.

मळ्यात

आप्पासाहेबांचं घर गावाबाहेर मळ्यात. साधं, सिमेंटचं, स्लॅब टाकलेलं. पुढे गोठा, गोठ्याला लागून पत्र्याची शेड, शेडसमोर एक सपाट दगड. घराच्या मागे ओढा आणि ओढ्यापलीकडे धनगरांची पाच-सहा घरं. आप्पासाहेब पन्नाशीचे असतील, पण दिसत होते सत्तरीचे. उंच, वाकलेले. बोलणं मात्र मोठं अदबीचं. तरुणपणी हैदराबादला शिकायला होते, ते उर्दू जिभेवरून गेलं नव्हतं.

"या. तकलीफ झाली न्हाई ना रस्त्यानं? आधी पाणी घ्या. गाडी कुठं पळून जात न्हाई."

श्रीधरला पाणी जाईना. शेवटी त्यांनी शेडचा दरवाजा उघडला.

मला गाड्यांतलं काही कळत नाही, पण तिला पाहायला मीही पुढे सरकले. दुधावरच्या सायीचा रंग. तारांची चाकं, लाकडी स्टेअरिंग, तांबड्या कातड्याच्या सीटा. कुठे गंज नाही, कुठे धूळ नाही. मी माझ्या स्वयंपाकघरातली भांडी इतकी लख्ख कधी ठेवली नसतील. श्रीधर तिच्याभोवती प्रदक्षिणा घालू लागला. कपड्यांची पर्वा न करता खाली आडवा झाला, पोटाखालून पाहून आला, उठला तेव्हा त्याचे डोळे भरले होते. आमच्या लग्नात भरले नव्हते.

"ही हैदराबादच्या एका नवाबाच्या घरची," आप्पासाहेब म्हणाले. "जहागिऱ्या गेल्या, मंग त्यांनी एकेक वस्तू काढली. मी वडलांच्या मागं लागून घेतली. तवा माझं वय काय, अक्कल काय."

"ठेवलीय कुणी ही अशी? मेकॅनिक कुठला?"

"मेकॅनिक न्हाई. मीच. दुसऱ्या कुणाचा हात बिलकुल लागत न्हाई तिला."

श्रीधर डाव्या बाजूच्या पुढच्या मडगार्डवर हात फिरवत होता. तिथे एक पोचा होता, वाटीएवढा. "एवढा पोचा काढून घेतला की नवी कोरी," तो म्हणाला. "माझा एक माणूस आहे, रंगसुद्धा उडू देणार नाही."

आप्पासाहेबांनी त्याच्या हाताकडे पाहिलं. "त्याला हात लावू नका," ते म्हणाले, आणि बाहेर जाऊन दगडाजवळ पाठ करून उभे राहिले.

विलास घाईने म्हणाला, "चला, हुरडा खायला चला. आगटी पेटवलीय."

हुरडा

शेताच्या कडेला खड्ड्यात गोवऱ्या फुललेल्या, त्यात शाळवाची कणसं खुपसलेली. कांबळ्यावर बसायचं, आणि गडी कणीस तळहातावर चोळून गरम दाणे समोर ओततो. सोबत लसणाची चटणी, गूळ, घट्ट दही. आमच्याकडे हुरडा म्हणजे पाव्हण्यांना मिळणारी चैन, इथे तो पोटभर खायचा असतो आणि नको म्हटलं की माणसं दुखावतात. मी नको म्हणेपर्यंत खाल्ला. पुरुष तिथेच बोलत बसले आणि मी आप्पासाहेबांच्या बायकोबरोबर घरात आले. तिला सगळे माई म्हणतात.

माई धपाट्यांचं पीठ मळत होती. मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "गाडी जिवापाड जपलीय हो आप्पासाहेबांनी. विकताना जीव तुटत असेल."

ती थांबली. "विलासनं तुमाला सांगितलंच न्हाई, ना?"

मग तिने सांगितलं. हात पिठातच होते आणि ती माझ्याकडे पाहत नव्हती.

गाडी आणली त्या वर्षी आप्पासाहेब तिच्यातून रोज कुंभार पिंपळगावपर्यंत जायचे, धुरळा उडवत. एका सकाळी ओढ्याच्या उतारावर खंडू धनगराची मेंढरं रस्ता ओलांडत होती. खंडूची पोरगी, गंगू, सात वर्षांची, मागे राहिलेलं कोकरू उचलायला रस्त्यात धावली. माई म्हणाली, "लागल्याचा आवाज सुद्धा झाला न्हाई म्हणे. कोकरू जिवंत राह्यलं."

पोलिसांत कुणी गेलं नाही. चावडीवर गाव बसलं. आप्पासाहेबांच्या वडिलांनी जमीन देऊ केली. खंडू म्हणाला, जमीन घेतली तर पोरगी विकल्यासारखं होईल. कुणी म्हणालं, गाडी जाळून टाका. खंडू त्यालाही नाही म्हणाला. गाडी जळली तर हा माणूस विसरून जाईल, सुटून जाईल. गाडी राहिली पाहिजे, आणि नुसती मढ्यासारखी नाही, जिवंत राहिली पाहिजे. विकायची नाही, तिच्यातून कुणी फिरायचं नाही, तो पोचा काढायचा नाही. दर अमावस्येच्या सकाळी आप्पासाहेबांनी ती स्वतःच्या हातांनी धुवायची आणि एकदा चालू करायची. खंडू समोर दगडावर बसून बघणार. देवाचा भंडारा मध्ये ठेवून दोघांनी तो उचलला. भंडारा उचलून दिलेला बोल आमच्याकडेही कुणी मोडत नाही, पण आमच्याकडे तो एवढी वर्षं पाळायची वेळ कुणावर येत नाही.

"ह्यांनी एक अवस चुकवली न्हाई," माई म्हणाली. "ताप आल्ता तवा सुद्धा धुतली. विलासच्या लग्नाच्या तोंडावर अवस आल्ती, तवा घरात उतरलेले पाव्हणे बघून राह्यले अन् हे गाडी धुवून राह्यले. खंडू दगडावर बसायचा. चहा दिला तर घ्यायचा न्हाई. गाडी चालू झाली की उठून जायचा. गेल्या पावसाळ्यात खंडू मेला. मला वाटलं, संपलं. तर हे अजून धुतातच. त्या रिकाम्या दगडाकडं बघून धुतात."

"मग विकायचं कसं ठरलं?"

"विलास म्हणतो, बोल दिलेला माणूस गेला, आता काय राह्यलं. पण हे म्हणतात, खंडूची बायको हाय. कोंडाबाई. तिनं भंडारा हातात घेऊन बोल सोडवला तर गाडी जाईल, न्हाई तर मी मरस्तोवर धुईन." माईने पीठ बाजूला सारलं. "उद्या अवस हाय. उद्या तिला इचारायचं हाय. मला भ्या वाटतंय, बाई. ती न्हाई म्हणली तर हे जगायचे न्हाईत. रातीला झोप न्हाई त्यांना, उठून शेडमधी जाऊन उभे ऱ्हातात."

माझ्या तोंडात हुरड्याची गोडी होती अजून. ती नकोशी झाली. संध्याकाळी श्रीधरला मी सगळं सांगितलं. त्याने तळहात पँटला पुसला. मग म्हणाला, "मी पोच्यावर हात फिरवला गं."

पण मी माझ्या माणसाला ओळखते. थोड्या वेळाने हळूच म्हणाला, "उद्या इंजिन ऐकायला मिळेल."

अमावस्येची सकाळ

थंडी मरणाची. आप्पासाहेब अनवाणी, धोतर वर खोचलेलं, विहिरीचं पाणी बादलीने आणत होते. विलास मध्ये पडत नव्हता, गडीही लांब उभे होते. चाकाची एकेक तार फडक्याने पुसली. पोचा असलेल्या जागी त्यांचा हात सावकाश चालत होता, आजारी माणसाचं अंग पुसावं तसा. मध्ये दोनदा त्यांनी दगडाकडे पाहिलं. शेवटी फडकं पिळून वाळत घातलं, आत बसले आणि सेल मारला.

गाडी पहिल्याच झटक्याला चालू झाली. आपल्याकडच्या मोटारींचा घरघराट नव्हे. बारीक, चढत जाणारा, लांबवर जाणारा आवाज. गोठ्यातल्या म्हशी बिचकल्या. श्रीधरने माझा दंड धरला. "ऐक," तो म्हणाला, "गाते आहे बघ." रात्री ऐकलेलं सगळं त्याच्या चेहऱ्यावरून पुसून गेलं होतं. आप्पासाहेबांनी बंद करताच तो पुढे झाला, "साहेब, पुन्हा एकदा? कार्बोरेटर बघायचाय." त्यांनी पुन्हा चालू केली. मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळी श्रीधरने स्वतः वाकून रेस वाढवली आणि तो आवाज ओढ्यापलीकडे जाऊन परत आला.

मी त्याला थांबवलं नाही. खरं सांगायचं तर मलाही ऐकावंसं वाटत होतं.

ऊन वर आल्यावर गावातले दोन म्हातारे आले. खंडूने भंडारा उचलला तेव्हा ते चावडीवर होते म्हणे. शेडसमोर घोंगडी अंथरली, पितळी ताटलीत भंडारा ठेवला. विलास जाऊन कोंडाबाईला घेऊन आला.

मी मनात काहीतरी भयंकर बाई कल्पिली होती. ती किडकिडीत होती, माझ्या खांद्याइतकी. नऊवारीचा काष्टा, हातात शेळ्या हाकायची काठी, पाठीमागे चार शेळ्या तशाच आलेल्या. ती घोंगडीवर बसली नाही. दगडावरही बसली नाही. उभीच राहिली.

एका म्हाताऱ्याने सुरुवात केली, "कोंडे, खंडूचा बोल होता..."

"ठावं हाय मला बोल," ती म्हणाली.

आप्पासाहेब हात जोडून उभे होते. "कोंडाबाई, मी एक अवस चुकवली न्हाई. तू म्हणशील तर अजून धुतो. मरस्तोवर धुतो. तू म्हणशील तरच गाडी जाईल. माझी सजा बराबर झाली का न्हाई, ते तू सांग."

त्यांना काय ऐकायचं होतं ते आम्हा सगळ्यांना कळत होतं. माई दारात पदर तोंडाशी धरून उभी होती. मला वाटलं, ही बाई एकतर माफ करेल नाहीतर शाप देईल. तिने दोन्ही केलं नाही. तिने श्रीधरकडे पाहिलं.

"आज तीन डाव वाजवली का? मला वाटलं आप्पासायेब येडे झाले."

श्रीधरने मान खाली घातली.

मग ती आप्पासाहेबांकडे वळली. "माझं घर तिथं, वढ्यापलीकडं. ह्या गाडीचा आवाज दुसऱ्या कशावानी न्हाई. त्या दिशी सकाळी म्या चुलीपुढं व्हते, ह्योच आवाज ऐकला अन् मंग माणसं वरडत आली. तवापून दर अवसेला ह्यो आवाज. म्या कानात बोळे घालून बघितलं. तांबडं फुटायच्या आदी शेरडं घेऊन रानात जाऊन बघितलं. तिथं बी येतंय ते."

एक शेळी भंडाऱ्याच्या ताटलीकडे आली, तिला तिने काठीने मागे सारलं.

"पोरगी येकदाच मेली व्हती, सायेब. तुमी दोघांनी तिला दर अवसेला मारली."

आप्पासाहेब मटकन दगडावर बसले. त्या दगडावर ते कधी बसले नसतील.

"खंडूला तू बोलली न्हाईस?" म्हाताऱ्याने विचारलं.

"बोलले तर. म्हणला, तू गप, हे आपल्या गंगूसाठी चालू हाय. तुमी तरी इचारलं का? चावडीवर बाया बसवता का तुमी? दोन बाप्यांनी भंडारा उचलला अन् झालं."

तिने वाकून ताटलीतली चिमूट घेतली, कपाळाला लावली. "सुटला बोल. न्या गाडी. आजच न्या. पर हितं चालू करू नका. बैलं लावा तिला."

आता लिहिताना मला चीड येते. खंडूची येते, आप्पासाहेबांची येते, त्या दोन म्हाताऱ्यांची येते. एक माणूस आयुष्यभर शिक्षा देत राहिला, दुसरा आयुष्यभर भोगत राहिला, दोघांनीही इमानाने केलं, आणि ती शिक्षा पोचत होती तिसऱ्याच माणसाला. त्या वेळी मात्र चीड आली नाही.

शिवेपर्यंत

श्रीधर मला बाजूला घेऊन म्हणाला, "मला नकोय ती आता." मी म्हटलं, "आपल्याला हवी का नको, हा प्रश्नच राहिलेला नाही. तिला इथून न्यायची आहे." व्यवहाराचं जे काय बोलायचं ते त्याने आणि विलासने दोन वाक्यांत उरकलं. कुंभार पिंपळगावहून ट्रक करायचा, तिथपर्यंत बैल.

पुढच्या बंपरला दोर बांधला. एका गड्याने बैलजोडी आणली. खिल्लारी बैल बघून एरवी मी चार प्रश्न विचारले असते. श्रीधर स्टेअरिंग धरायला आत बसला. इतक्या वर्षांत तिच्यात बसून जाणारा पहिला माणूस तो, आणि त्याचा चेहरा मयताला निघाल्यासारखा. विलास आणि मी बाजूने चालत होतो. मागून आप्पासाहेब गाडीला हात लावून ढकलत होते. ढकलायची गरज नव्हती, बैल सहज ओढत होते, पण त्यांना सांगणार कोण.

ओढ्याचा तोच उतार आला. गाडी उतरली, पाण्यातून गेली, चढली. चाकांखाली वाळू करकरली तेवढाच काय तो आवाज. धनगरांच्या घरांसमोर बाया उभ्या होत्या.

कोंडाबाई शेळ्यांसकट आमच्या मागे येत होती. खात्री करून घ्यायला येत असावी. गावाच्या शिवेवर, लिंबाच्या झाडापाशी, ती थांबली. गाडी पुढे गेली. आप्पासाहेबांचा हात गाडीवरून सुटला आणि ते तिथेच उभे राहिले, रिकामे हात तसेच पुढे धरून. माझ्या नव्याने शिवलेल्या चपलेने पायाला फोड आला होता, म्हणून मी मागे राहिले होते. म्हणूनच पुढचं मला ऐकू आलं.

"कोंडाबाई," ते म्हणाले, "मंग पुढल्या अवसेला मी काय करू?"

ते खरंच विचारत होते. शाळेतल्या मुलासारखे उत्तराची वाट बघत होते. तिने त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दयाही नव्हती. दिवसभराचं काम अजून व्हायचं असलेल्या बाईचा चेहरा असतो, तसा होता.

"काय बी करा," ती म्हणाली. "पर मला ऐकू येऊ देऊ नका."

आणि शेळ्या वळवून ती घराकडे गेली.